मागच्या चाकावरची सारजाबाई

लग्नाला वीस वर्षं झाली तरी बलभीमनं बायकोला हौसेनं कुठं नेलं नव्हतं. नेलं ते शहाऐंशीच्या दुष्काळात, आणि मग रोजच नेलं.

बलभीम गावच्या दूध सोसायटीच्या जीपवर ड्रायव्हर. सुकाळात दुधाचे कॅन काठोकाठ भरून जायचे, तेव्हा चेअरमन आबारावांनी जीपच्या मागच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, वजन पेलायला जास्तीचे लोखंडी पाटे टाकून घेतले होते. वर नारळही फोडला होता. पुढं पाऊस गेला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. पाटे मात्र तसेच ताठ. हलकी झालेली जीप मागून टणाटणा उडायची आणि सुटताना चाकं जागच्या जागी फिरायची.

एवढ्यानं बिघडलं नसतं. पण वाटेत छोट्या रेल्वेचं फाटक होतं. सकाळची गाडी जाईपर्यंत ही जीप आणि शेजारगावच्या सोसायटीची जीप तिथं शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या. पलीकडं रस्ता एकाच गाडीपुरता. फाटक उघडल्यावर जो आधी सुटेल तो दूध थंड करायच्या शीतकेंद्रावर आधी पोचणार, मागच्याचं दूध रांगेत उन्हात तापणार. बलभीमचं दूध नासून नासून परत यायला लागलं, तसे आबाराव म्हणाले, "आता एकदा जरी परत आलं, तर किल्ली ठिवायची आन घरी बसायचं."

येडशीच्या मेस्त्रीनं जीपखाली वाकून बघितलं. "वाढीव पाटे काढा. सुटताना गाडी मागं जरा बसली पायजे, मंग चाक भुई धरतंय."

"पाटे सोसायटीची मालमत्ता हाय," आबाराव म्हणाले. "काढायचे तर सभेचा ठराव लागंल."

सभासद जनावरांमागं छावणीत. सभा दर वेळी तहकूब.

बलभीमनं मागं दगड ठेवून पाहिले. ते गडगडून कॅनला पोचे आले. कॅनही सोसायटीचेच. मग त्याची नजर घरात फिरली आणि सारजाबाईवर थांबली. लग्नापासून तो तिच्या अंगावरून बोलत आला होता; ती बसली की बाज मोडंल म्हणायचा. आता तो तिच्याकडं बाजारात बैल पारखावा तसा बघत होता.

"सारजे, उद्या माझ्यासंगं चल."

"कुठं?"

"मागच्या चाकावर."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. जीप मागं दबली, चाकांनी भुई धरली आणि झेप घेऊन पलीकडं गेली. परतताना शेजारगावचा ड्रायव्हर ओरडला, "आरं बलभीम, वहिनीला उतरीव, मंग दाव."

"सोसायटीच्या मेंबर हायेत त्या," बलभीम म्हणाला. हे सारजाबाईला तेव्हाच कळलं.

किल्ली वाचली. पण पुढच्या महिन्यात चाकं पुन्हा जागीच फिरायला लागली. बलभीमनं कमानी तपासल्या, टायर तपासले. शेवटी त्याचं लक्ष बायकोच्या हाताकडं गेलं. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"तू जेवतीस का न्हाय?"

"जेवते की. उरलं तर."

त्या संध्याकाळी बलभीमनं स्वतः ताट वाढलं, ते बायकोपुढं ठेवलं आणि दुधाचं भांडंही तिकडं सरकवलं. त्याची आई विठाबाई बघतच राहिली. बाईमाणसानं गड्यांच्या आधी जेवलेलं तिनं या घरात पाहिलं नव्हतं. ती स्वतःही कधी तशी जेवली नव्हती.

"आये, बघतीस काय? गाडी सुटंना."

"आन गाडीला भाकरी लागती व्हय?"

लागत होती. सारजाबाई आधी जेवायला लागली आणि जीप पुन्हा पहिली पोचायला लागली. आबारावांनी बलभीमची पाठ थोपटली.

मग एकदाची सभा भरली. पाटे काढण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मेस्त्रीनं पाटे काढले, तशी रिकामी जीपही बिनतक्रार सुटायला लागली.

"आता तू नगं," बलभीम सारजाबाईला म्हणाला. "तू बसलीस तर टायर मडगार्डला घासंल."

संध्याकाळी तो हात धुऊन आला. सारजाबाई ताट वाढून घेऊन बसली होती.

"आता कशापायी आधी? आता वजन नगंय."

सारजाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "पाटे टाकले तवा कुणी इचारलं न्हाय, काढायला मात्र ठराव लागला. माझं ताट बी तुमीच आधी वाढलंय. बंद करायचं आसंल तर सभा घ्या."

बलभीमनं आईकडं पाहिलं. विठाबाई उठली, फळीवरचं आपलं ताट काढलं आणि सुनेशेजारी येऊन बसली.

"मला न्हाय सवड सभेला," ती म्हणाली. "वाढ गं मला."

बलभीम भिंतीला टेकून बसला, दोघींचं होईस्तोवर.