रांगेतली शेवटची जोडी

वऱ्हाडातल्या विहिरींनी तळ दाखवला आणि कापूस घरात पडून राहू लागला, त्या वर्षांत अकोल्याच्या भंगार बाजारात पाण्याची इंजिनं येऊन पडू लागली. विहीरच कोरडी, तर इंजिन ठेवून करायचं काय? उन्हात ती ओळीनं बसलेली दिसत, रवंथ करणाऱ्या म्हशींसारखी. मी तेव्हा अमरावतीला राजापेठेत पाइपांचं दुकान चालवत होतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर डोकं टेकवायचो आणि मला ती इंजिनं ऐकू यायची. लहानपणी आमच्या शिवारात ती सगळी एकाच वेळी चालत. टुक्‌ टुक्‌ टुक्‌... एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यात शिरायचा, मग वेगळा व्हायचा. कोणतं इंजिन कोणाच्या विहिरीवरचं, हे आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचो.

लोक पत्ते खेळतात, मी गाड्या बनवायचो. विकायला नाही, शौक म्हणून. वलगावच्या रस्त्याला माझं एक टिनाचं शेड होतं. तिथं मी एका मोटारसायकलीला मागं दोन चाकं लावून तिची तीनचाकी केली होती. ती डावीकडे वळताना उलटायची, म्हणून फक्त उजवीकडे वळत मी तिला एकदा घरापर्यंत आणली. बायको म्हणाली, "दुकानात पाइप इकता अन्‌ घरात नट आणता. उलटा धंदा आहे तुमचा."

हा शौक मला बापाकडून आला. माझा बाप वलगावच्या पलीकडे आमच्या गावात बैलगाड्या बनवायचा. गावातली प्रत्येक गाडी, प्रत्येक जू, प्रत्येक चाक त्याच्या हातचं. पण आमच्याकडे ना शेत होतं, ना बैल. पोळ्याच्या दिवशी अख्खं गाव बैल सजवून रांगेत उभं राहायचं, एकेक जोडी आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून जायची, आणि माझा बाप बाजूला, तोरणाच्या खांबाजवळ उभा असायचा. मी त्याचं बोट धरून. ज्याच्या जुवांवर सगळी रांग उभी, त्याला रांगेत जागा नाही. गाव सोडून मी अमरावतीला आलो, ट्रकवर पाइप चढवले, मग तेच पाइप विकू लागलो, पण ही गोष्ट माझ्या घशात काट्यासारखी राहिली. बाप म्हातारा झाला होता. एकदा तरी त्याला तोरणाखालून न्यायचं, तेही माझ्या हातच्या गाडीवर, हे मी ठरवून टाकलं.

त्यासाठी इंजिन घ्यायला अकोल्याला गेलो. भंगारवाल्या चाचांनी एक जुनं, दोन मोठ्या चाकांचं इंजिन दाखवलं. मी त्यात नाना दोष काढले. रंग गेला, नळी फुटली, कुठल्या नाल्यात पडलं होतं? चाचा शांतपणे पान लावत होते. मग त्यांनी उठून हॅंडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. ठोका ऐकून मी पुढं वाकलो. माझं तोंड त्यांनी बरोबर पाहिलं.

"भाऊ," चाचा म्हणाले, "आता लोखंडाच्या भावात आवाज मांगून राहिले तुमी."

मी चिडलो, बाजाराच्या तोंडापर्यंत चालत गेलो, परत आलो. ते पुन्हा हॅंडल मारायला निघाले, तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या, बंदच ठेवा. चालू असलं की महाग होते." चाचा पोट धरून हसले आणि भावात थोडे खाली उतरले.

परतताना टेम्पोवाल्याला मूर्तिजापूरला चहा लागला. मी मागं ताडपत्रीवर, इंजिनाला टेकून बसलो होतो. दूर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतांमधून अरुंद रुळांवरची लहान आगगाडी येत होती, इतकी हळू की शेतातली बाई तिच्याबरोबर चालता चालता डब्यातल्या कोणाशी बोलत होती. ऊन पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्या उन्हात मला माझी गाडी पहिल्यांदा अख्खी दिसली. अंग रेंगीचं, म्हणजे आपल्या माणसं बसायच्या हलक्या बैलगाडीचं. चाकं आणि गिअर भंगारातल्या जीपचे. आणि पुढं, बैलांच्या जागी, हे इंजिन.

ती तशीच बनली. इंजिनाच्या चाकावरून एक रुंद कातडी पट्टा गिअरकडे नेला. पट्टा ढिला असला की इंजिन नुसतं चालायचं. दांडा ओढला की पट्टा ताणला जायचा आणि गाडी निघायची, माणूस झोपेतून उठतो तशी. बापाला दाखवली. त्यानं तळव्यानं चाक चाचपलं, रेंगीच्या दांड्यांवर हात फिरवला.

"बाबा, पोळ्याले तुमी हिच्यावर बसा. तोरणाखालून नेतो."

"पाहू," बाप म्हणाला. तो कशालाही "पाहू"च म्हणायचा.

आता राहिली रांगेतली जागा. ती गावच्या पाटलांच्या हातात होती. पोळ्यात पहिली जोडी त्यांची, रांगही तेच लावत. मी ओसरीवर गेलो आणि सरळ विचारलं.

"पोळा बैलाचा असते," पाटील म्हणाले. "तान्ह्या पोळ्यात आण तुही गाडी. दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल घेऊन येतात, त्याइच्या मांगं लाव."

ओसरीवरचे सगळे हसले. मी चपला पायात घातल्या. पण मी बाजारात वाढलेला माणूस. उठून जाणं ही सौद्याची पहिली पायरी असते. फाटकापाशी गड्याकडून मला कळलं की पाटलांच्या मळ्यातलं इंजिन उन्हाळ्यापासून आजारी आहे. चालू होतं, थोडं पाणी देतं आणि मरतं. मिस्त्री येऊन गेले, पंप बदलला, नोझल बदललं, इंजिन जसंच्या तसं. गावात मोजक्या विहिरींना पाणी होतं, त्यांतली ही एक, आणि तिचं पाणी वर येत नव्हतं.

मी परत फिरलो, पाटलांना घेऊन मळ्यात गेलो, इंजिन चालू केलं आणि बाजूच्या लिंबाखाली आडवा झालो. पाटलांना वाटलं मी झोपलो. इंजिन ऐकायचं तर डोळे मिटावेच लागतात. पहिल्यांदा ठोके गोल होते. मग हळूहळू लांब झाले, मधे मधे एखादा गळू लागला, जसा उपाशी माणूस बोलता बोलता थांबतो. ते उपाशी मरत होतं. पण टाकी तर भरलेली. मी उठलो आणि टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून आत हवा गेली आणि इंजिन पुन्हा जोरात धडधडलं. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. आत हवा नाही, तर डिझेल खाली कसं उतरणार? बाभळीच्या काट्यानं मी ते घर काढलं.

पाटील पाण्याच्या धारेकडे पाहत राहिले. "किती देऊ?"

"पैसे नाही पायजे. रांगेत जागा पायजे."

"मोठा पक्का आहेस."

"तुमच्याच गावचा हाओ."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "सगळ्यात शेवटी. कोण्या बैलाच्या पुढं नाही. अन्‌ एकल्याले जागा नाही. रांगेत जोडीच लागते. तुही जोडी तू पाह्य."

हीच त्यांची मेख होती. इंजिनाला जोडी कुठून आणायची? पण त्या सालांत अर्ध्या जोड्या मोडल्या होत्या. आमच्या घरामागचे एक काका, चारा नाही म्हणून एक बैल बाजारात देऊन आले होते. दुसरा गोठ्यात एकटा होता आणि काका पोळ्याला घराबाहेर न पडायचं ठरवून बसले होते. मी जाऊन म्हणालो, "काका, तुमचा एक, माहा एक."

काकांनी गोठ्याकडे पाहिलं. "त्याले उजव्या अंगाची सवय हाये," ते म्हणाले. "तुह्या इंजिनाले डाव्या अंगानं चालता येते काय?"

"त्याले काय कळते, काका? मी नेईन तिकडे जाते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी गावात आणून आमच्या अंगणात उभी केली. संध्याकाळी मी काकांच्या बैलासाठी झूल आणायला गेलो. पोळ्याच्या सकाळी गाडीवर हळदीची बोटं आणि बेलाचं पान दिसलं. ते चांगलं दिसत होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

दुपार कलली आणि गाव मैदानात जमलं. मागल्या सालांपेक्षा रांग तोकडी होती, म्हणून की काय बैल जास्तच रंगवले होते. शेवटी काकांचा बैल, त्याच्या डाव्या अंगाला माझी गाडी, जू दोघांच्या मानेवर. म्हणजे एकाच्या मानेवर आणि दुसऱ्याच्या लोखंडावर. बाप स्वच्छ धोतर नेसून रेंगीत बसला होता. मी हॅंडल मारलं. झडत्या, म्हणजे पोळ्यात एकमेकांवर म्हणायच्या गमतीच्या ललकाऱ्या, सुरू झाल्या होत्या. आम्हाला पाहून एक जण हात वर करून ओरडला:

"शिंग नाही, शेपूट नाही, ढेकर देते धुराचा,
राजापेठचा बैल आला, मालक मोठ्या सुराचा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो असतो, पण त्याच वेळी रांग पुढं सरकली, मी दांडा ओढला आणि गाडी हलली नाही. इंजिन मस्त चालू होतं. चाकं जागच्या जागी. गिअर पाहिला, खीळ पाहिली, दांडा मुळापासून ओढला. पट्टा नुसता फिरत होता, आणि त्याच्यातून खमंग वास येत होता. तुपाचा.

"माय!" मी ओरडलो. "पट्ट्याले काय लावलं?"

आई बायकांच्या घोळक्यात उभी होती. "खांद शेकली बापा," ती म्हणाली. "बैलाची शेकतात न? तूप-हळद लावली, आवतन देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खांदा कोणता ते समजे ना, म्हणून त्या पट्ट्याले लावलं. तोच ओढते म्हणे."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मी तोंडाला आलं ते बोललो, आईला नाही, इंजिनाला. मूठभर राख मागितली, कोणी दिली, ती पट्ट्यावर टाकली. पट्टा जरा पकडायचा, पुन्हा घसरायचा. तूप चांगलं जिरलं होतं. म्हातारीनं हात राखून लावलं नव्हतं. पुढची जोडी तोरणाखालून गेली. पाटील वळून पाहू लागले. त्यांच्या तोंडावरचं हसू मी ओळखून होतो.

तेव्हा काकांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "चाल, राजा."

बैलानं मान खाली घातली, एकदा बाजूच्या धडधडणाऱ्या लोखंडाकडे डोळा फिरवला आणि ओढलं. जू वाकडं झालं, पण गाडी निघाली. मी दांडा धरून बसलो होतो, इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, आणि एक बैल आम्हा सगळ्यांना ओढत होता. धूळ, गुलाल, डिझेलचा निळा धूर, सगळं मिसळून समोरचं तोरण पाण्यात दिसावं तसं हालत होतं.

तोरण हातभर राहिलं आणि बाप खाली उतरू लागला.

"बाबा! उतरता कावून? आलं न तोरण!"

"म्हणून त उतरतो."

"बसा म्हणतो न! कोणासाठी बनवली ही?"

"ओरडू नको, बैल बुजते." तो उतरून डावीकडच्या खांबाकडे गेला आणि दोन्ही हातांनी खांब धरला. "जू वाकडं होऊन राहिलं. खांबाले लागलं त तोरण बैलावर पडते. हा खांब म्या गाडला, दरसाल मीच धरतो. दुसरं कोण धरीन?"

"मंग तुमी रांगेत कधी येसान?"

"रांग त जाते निघून," बाप म्हणाला. "जाय न तू."

आणि मी गेलो. बाजूला बापाची रिकामी जागा, वर आंब्याची पानं, एक पान माझ्या टोपीला घासून गेलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी ती गोष्ट उंचावरून पाहत होतो. बाप माझ्याकडे पाहत नव्हता, गाडीकडे नाही, पाटलांकडेही नाही. त्याचे डोळे तोरणाच्या दोरावर होते, गाठ सुटते का ते पाहत. जुवाचं टोक खांबाला घासलं, खांब थरथरला, बापानं खांद्यानं त्याला बाहेरून रेटलं आणि आम्ही पार झालो.

मला तिथंच थांबून त्याच्याशी भांडायचं होतं. दांडा सोडला, काही फरक पडला नाही. गाडी ओढत होता बैल, आणि बैलाला मोकळं मैदान दिसलं होतं. मी मागं वळून पाहिलं तेव्हा रांग संपून पोळा फुटला होता, पोरं तोरणावर तुटून पडली होती, पानं उडत होती, आणि त्या गर्दीत बाप अजून खांब धरून उभा होता, दोर पूर्ण खाली येईपर्यंत.