वडिलांना सांगितलं तेव्हा

बारामतीत आमचं एकच बेने इस्राएली यहुदी घर. शुक्रवारी सांजेला आई दिवे लावायची, वडील हिब्रू प्रार्थना म्हणायचे.

चाळिशीत माझ्या किडन्या गेल्या. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर इंदापूरची एक ख्रिस्ती म्हातारी असायची. दर खेपेला ती माझ्यासाठीही प्रार्थना करायची. मी एकदा चिडून म्हणालो, "मावशी, मी यहुदी आहे."

"येशू बी यहुदीच व्हता की," ती म्हणाली.

ती वारली, त्या आठवड्यात भीतीनं मी तिच्या येशूला पहिल्यांदा हाक मारली. आणि भीती ओसरली.

वर्षभरानं, बाप्तिस्मा घेतल्यावर, वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मी गेल्यावर माझ्यासाठी कद्दीश कोण म्हणणार?" बापामागं मुलानं म्हणायची ती प्रार्थना.

"मी म्हणेन."

"आता तू कसा म्हणशील?"

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला मला तेच घेऊन गेले.