तलावाचं तलावात

किस्से तलावाच्या गाळासारखे असतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. दरवर्षी एक थर बसतो आणि एक दिवस पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत रुततो. चिमूरकडच्या आमच्या गावच्या तलावाचे माझ्याकडे इतके साचलेत, की आता लिहूनच काढते. शाळा मी पाहिलेली नाही. मिठाच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. चुका काढणाऱ्याने आधी एक जाळं विणून दाखवावं!

*

मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला, तेव्हाची गोष्ट. आमची मासे धरणाऱ्या ढिवरांची अकरा घरं त्या तलावावर जगत होती. चांद्याहून एक तरुण साहेब आले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहिले तेव्हा गावच्या म्हशी पाण्यात बसलेल्या.

"हा तलाव आहे की शेणाचा खड्डा?"

दुसऱ्या दिवशी पाटी लागली: जनावरांस पाण्यात उतरण्यास मनाई. पाटीखाली काठीवाला चौकीदार. आणि आम्हाला ताकीद, की वैशाखात पाणी उतरल्यावर मोठं जाळं पडेल. त्यात मासा भरलेला निघाला नाही, तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराला.

काशीभाऊ आमच्यातले सगळ्यात म्हातारे जाळेवाले. चौकीदार एकेका म्हशीला हाकलत होता आणि मला वाटत होतं, हा आम्हालाच हाकलतोय.

*

आमच्याकडे रीत होती. मासा तलावाच्या काठावरच साफ करायचा आणि आतडी, खवले परत पाण्यात टाकायचे. तलावाचं तलावात. आमच्यातली भागरथाबाई तेच करत असताना साहेबांनी पाहिलं.

घाण, रोगराई, असं बरंच बोलले. पार मसणवट्याच्या बाजूला खड्डा खोदायला लावला. महिनाभरात गावचे कावळे आणि कुत्रे असे पोसले, की चौकीदार त्यांना भिऊ लागला. साहेब खूश. म्हणाले, बघा, काठ कसा स्वच्छ झाला!

भागरथाबाई टोपली उचलत म्हणाली, "हो ना साहेब. आता वैशाखात कुत्रेच धरतो जाळ्यात."

*

दिवाळीनंतर पाणी इतकं निवळलं, की तळाचे दगड मोजावेत. साहेबांनी आपल्या वरच्या साहेबांना मुद्दाम आणून दाखवलं. "आरसा आहे, आरसा!"

काशीभाऊंना पुढे बोलावलं. वरच्या साहेबांनी विचारलं, काय आजोबा, असं पाणी पूर्वी पाहिलं होतं का?

"पाह्यलं ना. विहिरीत."

मग मात्र म्हातारा थांबला नाही. "साहेब, ऊन रोज नवं येते. बाकी सारं जुनंच फिरून राह्यलं. शेणानं पाणी हिरवं होते, हिरव्यावर किडे जगते, किड्यायवर मासा, माशावर आमी. तुमी ऊन तेवढं ठेवलं, अन् फिरणारं सारं भाईर काढलं."

वरचे साहेब हसले. आमचे साहेब हसले नाहीत. त्या दिवशी दुपारीच माझी म्हैस पाण्यात सापडली म्हणून कोंडवाड्यात गेली. चार घरच्या बायकांनी मला धरून ठेवलं, नाहीतर चौकीदाराची काठी मी त्याच्या हातात राहू दिली नसती.

*

पौषात नमुन्याचं जाळं टाकलं. ओढताना हाताला वजनच लागेना. रोहू सगळे डोक्याचे. डोकं मोठ्या माशाचं आणि मागे अंग वाळलेल्या शेंगेसारखं. भागरथाबाई तिथेच खाली बसली. वैशाखाला चार महिने होते.

साहेब हातातलं मासे वाढवण्याचं छापील सरकारी पुस्तक पाळीवर ठेवून तोंड धुवायला गेले. मी ते उचललं. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचत गेले. साहेब परतले तसं पान उघडंच पुढे केलं.

"साहेब, पान चौदा. तलावात शेणखत किती टाकावं ते लिवलं हाय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"मले येते. तुमाले बी येत असन."

त्यांनी पुस्तक हिसकावलं आणि निघून गेले. काशीभाऊ मला म्हणाले, "सुभद्रे, आता तलाव गेला समज." रागावले नव्हते. म्हणूनच ते ऐकवलं नाही.

*

तीन दिवस साहेब फिरकले नाहीत. पाटी तशीच. लेखी हुकूम मागे कसा घ्यायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी थंडी अशी, की गवतावर पांढरं पडलेलं. आम्ही शेकोटीभोवती बसलो होतो. भागरथाबाईने नुसतं बोट दाखवलं.

पाटीच्या बरोबर खाली, गुडघाभर पाण्यात, पायजमा वर खोचून साहेब उभे होते. हातात दोर आणि दोराला त्यांची घरची दुभती म्हैस. ती बिचारी काठाकडे ओढत होती, साहेब आत ओढत होते. चौकीदार दुसरीकडे तोंड करून उभा.

काशीभाऊ पाळीवर गेले. "काऊन साहेब, इतक्या सकाळी?"

साहेबांचे दात वाजत होते. म्हणाले, "हिला... गरम होत होतं."

काशीभाऊंच्या तोंडावरची रेघ हलली नाही. ते वळले आणि गावाकडे तोंड करून ओरडले, "सोडा रे म्हशी! साऱ्यायलेच गरम होऊन राह्यलं!"

वैशाखात जाळं ओढायला आमची अकरा घरं पुरेनात. साहेबांनी बूट काढून दोर धरला. घामाने निथळत होते. काठावर रोहू उसळत होते आणि भागरथाबाई पहिल्या माशाची आतडी पाण्यात टाकत होती, त्यांच्या डोळ्यांदेखत. ठेकेदाराचं नाव कोणी काढलं नाही.

पुढचा दोर काशीभाऊंच्या हातात होता. मागे न पाहता त्यांनी विचारलं,

"साहेब, म्हैस कशी हाय? आता थंडी वाजत असन तिले."