रियाधला किती वाजले?

फोन संपला की बूथमधला छोटा प्रिंटर टर्रर्र करून बिलाची चिठ्ठी काढायचा. तो आवाज अजून कानात आहे. चिठ्ठ्या लोक दारातच टाकायचे, मी झाडून काढायचो. किस्से मात्र साठत गेले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मिरकरवाडा बंदरावर शिरीषभाऊंचा फोन बूथ, मी तिथला जुना माणूस. घरोघरचे मुलगे आखातात. त्यांना भलत्या वेळी फोन जाऊ नये म्हणून भाऊंनी कॉम्प्युटर घेतला. शहर टाकलं की तिथली वेळ दिसणार! पहिल्या दिवशी दुबई टाकली, रिकामं. लंडन, रिकामं. भाऊ म्हणाले, "जग बंद पडलंय काय?"

बाकावरचा मासेवाला सावंत म्हणाला, "मिरकरवाडा चालू हाय."

*

प्रोग्राम करणारी नीता म्हणाली, "डेटाबेसमध्ये जगाच्या वेळा भरायच्या राहिल्यात."

"कुठून आणायच्या गो?" मी विचारलं.

"याच कॉम्प्युटरात आहेत, आबा. एका खणातून काढून दुसऱ्यात भरायच्या. एका ओळीचं काम."

"मग चार दिवस काय करत होतीस?"

"खण शोधत होते."

*

सुमनकाकूंचा राजू रियाधला ड्रायव्हर. काकूंचा फोन एकदा ऐन ड्युटीत गेला आणि त्याला साहेबाची बोलणी बसली. तेव्हापासून दोन महिने काकूंनी रिसिव्हरला हात लावला नव्हता.

नीताने काळ्या पडद्यावर ती ओळ लिहिली, तेव्हा काकू पुढेच बसल्या होत्या. एंटर दाबलं. इंग्रजी अक्षरं आली. भाऊंनी वाचलं, "रियाध सत्याऐंशी घेता येत नाही, सोडून देतोय."

काकू उठल्याच. "दुबईवाल्यांना घेतलंन, माझ्याच पोराला सोडलंन?"

नीता म्हणाली, "काकू, ती सत्याऐंशी सालची कसलीशी जुनी वेळ. आपलं रियाध आत गेलंय, बघा."

आणि वेळ उमटली! आपल्यामागे अडीच तास.

*

उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ तासभर पुढे करतात, हेही आता कॉम्प्युटरला कळायचं. सावंताला पटेना.

"सरकार सांगेल तसं घड्याळ? मग समुद्राच्या भरतीला काय सांगतात?"

*

राजूची जेवणाची सुट्टी एक वाजता, म्हणजे आपले साडेतीन. काकू तीनलाच आल्या. हातात राजूला काय काय सांगायचं ते लेकीने लिहून दिलेला कागद: मोहोर, छप्पर, बहिणीचं स्थळ, दोन्ही बाजू भरलेल्या. साडेतीनला मीच नंबर लावून दिला. लागला!

"राजू? तिकडं एक वाजला ना?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"सुट्टी झाली? मग आधी जेव."

काकूंनी रिसिव्हर ठेवला, न वाचलेल्या कागदाची घडी पिशवीत घातली आणि निघून गेल्या.