शालनची जागा

प्रवेशाची वेळ झाली तरी शालन विंगेत बसून तळलेल्या मिरच्या खात असायची. मी सांगलीची, चार वर्षं गाणं शिकलेली. दही, लोणचं वर्ज्य करून गरम पाण्याच्या गुळण्या करायची. ती म्हसवडकडची, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भाजी विकता विकता आमच्या नाटक कंपनीत आलेली. हात पदराला पुसून ती रंगमंचावर जायची आणि पहिल्याच वाक्याला मंडप शांत व्हायचा. नायिका ती, नायिकेची बहीण मी. तिचा मला फार मत्सर वाटे.

"तू लय जपतीस गं गळा," ती म्हणायची. "वापरायचा कवा?"

चौऱ्याण्णवच्या नवरात्रात आम्ही रहिमतपूरला पोचलो आणि सुरतेच्या प्लेगची बातमी गावात आमच्याआधीच पोचलेली दिसली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. गर्दी नको म्हणून उभारलेला मंडप उतरवला. त्यातच आमच्या पेटीवाल्या गजाननरावांना ताप भरला. धर्मशाळेपुढे माणसं जमली, आत्ताच्या आत्ता गाव सोडा म्हणाली. आम्ही सगळे सामान बांधू लागलो. शालन तेवढी बाहेर गेली.

"आवं, कालपासनं मी त्यांच्या उशाशी बसलीया," ती सावकाश म्हणाली. "पलेग असता तर पैली मी पडली असती. आदी डाक्टर आणा, मग आमाला हाकला."

डॉक्टर आले. मलेरिया निघाला. गजाननराव वाचले. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं, हिला कुठेही उभी करा, लोक हिचंच ऐकतात.

लोणंद, म्हसवड, सगळीकडचे प्रयोग रद्द झाले. साथीची भीती ओसरली, पण बोलावणी पूर्वीसारखी येईनात. तबलजी साखर कारखान्यात चिकटला. मालक दादांना आता एकच नटी परवडणार होती, आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शालनच माझ्यादेखत दादांना म्हणाली, "विमलला ठिवा. मला खुरपाय येतंय, भाजी इकाय येतंय. तिला नाटकाबिगर काय येतंय?"

नायिकेचं काम मला मिळालं. ते तिने दिलं म्हणून मिळालं, हे मात्र गिळवेना. त्यात गावोगावी प्रयोग संपला की कुणीतरी विचारायचंच, "शालनबाई न्हाई आल्या व्हय?"

तीनेक वर्षांनी म्हसवडला प्रयोग होता, म्हणून तिच्याकडे गेले. ती बायकांबरोबर ज्वारी खुरपत होती आणि सरपंचाची नक्कल करत होती. बायका खुरपी टाकून हसत होत्या. तसं हसू मला भरल्या मंडपातही कधी मिळालं नव्हतं.

बांधावर बसून भाकरी खाल्ली. मग ती म्हणाली, "शेवटचा परवेश करून दाव की."

मी केला. लेकीला निरोप देणाऱ्या आईचा तो प्रवेश. शालनच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ह्ये मला न्हवतं गं असं जमत," ती म्हणाली.

पुढच्याच उन्हाळ्यात ती काविळीने गेली. ते वाक्य तिने मनापासून म्हटलं, की मला बरं वाटावं म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल, तर तेही काम तिने माझ्यापेक्षा चांगलंच केलं.