माझ्या वर्गातली बंदूकबंदी

प्राथमिक शाळेत शिकवायला लागलं की किस्से शोधावे लागत नाहीत हो! पावसाळ्यात व्हरांड्यात छत्र्या साठतात तसे आपोआप साठतात, आणि कुठला कोणाचा तेही शेवटी कळत नाही. पण हे माझेच. पोफळी गावाच्या खालच्या अंगाला आमची शाळा, दुसरीचा वर्ग माझा, मुलं बावीस. भर पालकसभेत मी सांगून बसले, "दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या एकाही पोराच्या घरी मोबाईलवर तो गोळीबाराचा गेम दिसणार नाही. दिसला तर नाव बदलीन!"

एवढी पेटले ती वेदांतमुळे. मधली सुट्टी झाली, खिचडी वाढायला घेतली, आणि हा मैदानात उताणा पडलेला! धावत गेले, तर बाकीची पोरं एकदम शांत.

"बाई, तो मेलाय. डाव संपेपर्यंत उठता येत नाही."

"ऊठ रे आधी!"

डोळे मिटूनच उत्तर आलं, "मेलेला माणूस उठतो का, बाई?"

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशींनी हाक मारली, "आज अंडं आहे गो!" मेलेला माणूस रांगेत पहिला!

* * *

सभेत सगळ्या माना डोलावत होत्या. एकच बाई उठली. "बाई, मी वहाळावर कपडे धुवायला जाते तेव्हा फोन देते, म्हणून कार्टं एका जागी बसतं. तुम्ही या, माझे कपडे धुवा, आत्ता काढते गेम!"

हशा पिकला. माझा स्वभाव तर तुम्हाला ठाऊक आहे. "येते!" म्हटलं. आणि गेले! रविवारी दोन बादल्या पिळून दिल्या, कंबर धरली, पण गेम गेला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

सोमवारी आणखी तीन आयांचे निरोप. "बाई, आमच्याकडेही गेम आहे!"

* * *

आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मी आणि मोहिते गुरुजी. गुरुजी म्हणाले, "विरोध करायचा तर आधी अभ्यास हवा." आणि अभ्यासासाठी स्वतःच्या फोनवर गेम घेतला. अभ्यास महिनाभर चालला. अंगठ्याला मलमपट्टी करण्यापर्यंत वेळ आली!

एक दिवस चौथीतला एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरुजी, काल तुम्ही झुडपात लपला होतात. मी बघितलं. पण नाही मारलं."

"का रे?"

"आज तुम्ही माझी वही तपासणार ना!"

* * *

दुसऱ्यांच्या घरी उपदेश करत फिरत होते, आणि माझ्याच घरात माझा पाच वर्षांचा भाचा चार दिवस राहायला आलेला. संध्याकाळी आईने त्याला शेजारी बसवून वंदना घेतली. पोराने पंचशील खणखणीत म्हटलं, हिंसा करणार नाही हे पहिलं शील तर सर्वांत मोठ्याने. आणि उठला तो थेट माझ्या भावाच्या फोनवर. धाड धाड धाड!

आई म्हणाली, "अरे मेल्या, आत्ताच काय म्हटलंस?"

"आजी, ही माणसं खोटी असतात गो!"

आई चष्मा पुसत म्हणाली, "मग तुझं मघाचं म्हणणं तरी खरं होतं का रे?"

भाऊ हळूच उठला आणि गेम काढून टाकला. आईने एकही बादली पिळली नाही!

* * *

दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली. एकवीस घरं झाली, राहिली एकटी सानिका. वर्गातली सगळ्यात गरीब पोर, पेन्सिलसुद्धा विचारून उचलते. तिची आई म्हणाली, "बाई, काढायला गेले की घर डोक्यावर घेते. तुम्हीच या."

शाळा सुटल्यावर गेले. आज पैज जिंकायचीच! आई चहा ठेवायला आत गेली. सानिका ओटीवर फोन घेऊन बसलेली.

"एवढं काय गो आवडतं तुला त्या मारामारीत?"

"मी नाय मारत कोणाला."

"मग काय करतेस?"

"पप्पा येतात त्याच्यात, रोज सहाला. मुंबईवरून. एक पिवळं घर आहे, त्याच्या मागे आम्ही उभे राहतो. मी त्यांना शाळेतलं सांगते."

"अगो, मग साधा फोन कर की!"

"फोनवर पप्पा 'जेवलीस का' विचारतात आणि ठेवतात. इथे माझ्या मागे मागे फिरतात."

उगाच विचारलं, "आणि कोणी गोळी मारली तर?"

"मारतात ना. पप्पा माझ्यापुढे उभे राहतात."

आतून आईने विचारलं, "झालं का बाई काढून?"

मी उत्तर द्यायच्या आत सानिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजत होते. तिने दोन्ही हातांनी फोन धरला आणि म्हणाली,

"बाई, जरा सरका ना. पप्पा आले."