मंगळवारी घासलेली पिंपं

"चावला नाही, चावली म्हणा."

डास चावला असं कुणी म्हटलं की बाई हटकायच्याच. रक्त पिते ती मादी, नर बिचारा झाडापानांच्या रसावर जगतो, हे त्या रिक्षावाल्यालाही समजावायच्या. एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्या घरीपण सेम आहे." बाई हसल्या नाहीत. "घर कुठे? पाणी कशात भरता?" असं विचारून वहीत लिहून घेतलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना विक्षिप्त म्हणतो आणि मोकळे होतो.

डासांमुळे पसरणाऱ्या तापांवर संशोधन करण्यात बाईंची उभी हयात गेली. बदलापूरला बेलवलीत एकट्या राहायच्या. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या काही वस्त्या त्यांनी निवडल्या होत्या, त्यातली एक अंबरनाथला शिवमंदिराजवळची आमची चाळ. पाणी दिवसाआड, त्यामुळे दारोदार पिंपं भरलेली. महिन्यातल्या एका बुधवारी बाई यायच्या, पिंपात टॉर्च मारायच्या, पांढऱ्या पळीत पाणी घेऊन अळ्या मोजायच्या.

मला त्यांनी मदतीला घेतलं. मी चाळिशीची होते, अक्कल यायची बाकी होती. इस्त्रीची साडी, डोक्यावर गॉगल, आणि माहेरी फोन, "हल्ली मी रिसर्चला असते." रिसर्च म्हणजे काय, तर पळी धुऊन देणं आणि बाई सांगतील तो आकडा लिहिणं.

चाळीतले लोक बाईंना बघितलं की जीभ काढून दाखवायचे. "अहो, मी माणसांची डॉक्टर नाही," असं म्हणत त्या जीभ बघायच्या आणि सांगायच्या, "दवाखान्यात जा."

आमच्या चाळीत मात्र अळी सापडायची नाही. घर एक, शून्य. घर दोन, शून्य. आणि ताप तर दरसाल पावसाळ्यात चार-पाच घरांत. बाई चक्रावल्या. झाडांच्या ढोली झाल्या, टायरवाल्याचं गोदाम झालं, आनंदनगरच्या कारखान्यांमागची डबकी झाली. तीन पावसाळे त्या शोधत राहिल्या. शेवटी त्यांनी पेपर लिहिला: इथला हा डास घरातल्या साठवणीत नाही, बाहेर कुठेतरी वाढतो.

पेपर छापायला पाठवला, त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून तो मराठीत सांगितला. "तुमच्या चाळीत एकाही पिंपात अळी नाही."

मी फुगले. म्हटलं, "असेल कशी बाई? मंगळवारी आम्ही सगळी पिंपं घासतो ना!"

"कुठल्या मंगळवारी?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. मीच सांगते दारोदार, उद्या बाई येतात, चाळीची लाज राखा."

"आणि बाकी महिनाभर?"

"बाकी महिनाभर कोण बघतंय?"

बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला काहीच वाटेना, बसून बसून पाय बधिर होतो ना, तशी मी सगळीच बधिर झाले होते.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. ऐका माझी अक्कल!

"लोक बाहेरची डबकी बुजवत बसतील," बाई म्हणाल्या, "आणि घरातल्या पिंपाने मरतील."

माझ्यासमोरच त्यांनी पेपर मागे घेतला. चार ओळींचं पत्र. तीन वर्षांच्या वहीवर आडवी रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "पहिल्यापासून करू."

पुन्हा सुरुवात झाली. पण आता वार त्या मला सांगेनात. सकाळी फोन यायचा, "निघा." कुठे ते रिक्षात बसल्यावर कळायचं. चाळीत अळ्या निघाल्या, भसाभस. त्यांनी एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी आकडे लिहीत राहिले.

या नव्या मोजणीच्या तिसऱ्या पावसाळ्यात बाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, डासांचा काही संबंध नाही. दवाखान्यात त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. शेवटची फेरी, आमची चाळ, बुधवार. "एकट्याच जा," म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी त्या गेल्याचा फोन आला. मी ओट्याशी उभी होते. शेजारची लता आली. "काय गं, उद्या येणारेत का त्या? पिंप घासू?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

माझंही पिंप घासायचं राहिलं होतं. ब्रश तिथेच, हाताशी. मी आत जाऊन बसले.

बुधवारी पळी घेऊन निघाले. लताकडे सात. माझ्या पिंपात सत्तावीस. पळीत वळवळत होत्या, दोनदा मोजल्या. घराच्या नंबरापुढे आकडा लिहिला, मग पिंप मोरीत उपडं केलं.

कागदाच्या तळाशी तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती, खाली बाईंचं नाव छापलेलं. मी पेन टेकवलं, उचललं, आणि ती जागा कोरी ठेवली.